पासवर्ड बरोबर, तरी पीसी आत घेईना

सोलापूरच्या गड्डा यात्रेची सुट्टी संपून कारखाना सुरू झाला, त्याच सकाळी डिस्पॅचच्या काकांचा फोन. "सर, पीसी आत घेईना ओ. पासवर्ड बरोबर टाकलाय, तीनदा टाकला की."

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी सिस्टीम बघतो. टेरी टॉवेलच्या गाठी ट्रकमध्ये चढल्या होत्या, चलन मात्र त्याच पीसीवरून निघणार. ड्रायव्हर दारात उभा राहून फोनवर तेलुगूत मालकाला सांगत होता की अजून कागद मिळाला नाही.

स्क्रीनवर इंग्रजीत एकच ओळ: वर्कस्टेशन आणि प्रायमरी डोमेन यांच्यातला ट्रस्ट तुटला आहे. म्हणजे हा पीसी आणि सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचं जाळं (डोमेन) यांच्यातला विश्वास तुटला.

आधी घड्याळ पाहिलं. सर्व्हर आणि पीसीच्या वेळेत 5 मिनिटांहून जास्त फरक पडला तर केर्बेरॉस, म्हणजे डोमेनची ओळख तपासणारी पद्धत, लॉगिन नाकारते, आणि सुट्टीत बंद पडून राहिलेल्या जुन्या पीसीच्या घड्याळाची बॅटरी संपणं काही नवं नाही. वेळ बरोबर होती. शेजारच्या पीसीवर सगळे आत जात होते, म्हणजे सर्व्हरही ठीक. मग काकांना विचारलं, सुट्टीआधी याला कुणी हात लावला होता का?

"प्रिंटर चालंना म्हणून पोरगा आलता. त्यानं कायतरी मागं नेलं, मग चालला."

तिथंच उलगडा झाला. त्यानं सिस्टीम रिस्टोर करून पीसी नोव्हेंबरमधल्या स्थितीत नेला होता. माणसासारखा डोमेनमधल्या प्रत्येक पीसीलाही स्वतःचा पासवर्ड असतो. विंडोज तो साधारण दर 30 दिवसांनी आपण होऊन बदलतं, कुणाला कळतही नाही. पीसी मागं गेला तसा त्याच्याकडचा पासवर्डही जुना झाला, सर्व्हरकडे मात्र नवाच राहिला. मग काकांचा पासवर्ड कितीही बरोबर असो, सर्व्हर त्या पीसीलाच ओळखत नव्हता.

पीसी डोमेनमधून काढून पुन्हा जोडण्याची पद्धत बरेच जण वापरतात. तीही चालते, पण दोनदा रीस्टार्ट करावं लागतं, आणि लोकल अ‍ॅडमिनचा (त्या पीसीच्याच मुख्य खात्याचा) पासवर्ड हाताशी नसताना कुणी पीसी बाहेर काढला तर आपणच बाहेर अडकतो. आमचा तो पासवर्ड हिशेबखात्याच्या कपाटात बंद पाकिटात असतो. ते पाकीट आणलं. युजरनेमच्या आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ दिली की पीसी डोमेनला न विचारता स्वतःच्या खात्यानं आत घेतो.

पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी, अ‍ॅडमिन म्हणून उघडलं. 'टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनेल' ही कमांड दिली, उत्तर आलं 'फॉल्स', म्हणजे सर्व्हरशी नातं तुटलेलं. तीच कमांड 'रिपेअर' जोडून, डोमेन अ‍ॅडमिनचं खातं देऊन पुन्हा चालवली. दहाएक सेकंद नुसता कर्सर लुकलुकत राहिला, आणि खाली 'ट्रू' उमटलं. या कमांडनं पीसी आणि सर्व्हर मिळून नवा पासवर्ड ठरवतात. काकांच्या फाइली, प्रिंटर, डेस्कटॉप, कशालाच धक्का लागत नाही.

साइन आउट केलं. काकांनी एका बोटानं पासवर्ड टाकला, पीसीनं आत घेतलं, चलन निघालं.

तो पोरगा सुट्टीआधी हिशेबखात्यातही जाऊन आला होता, हे नंतर कळलं. तिथल्या बाई रजेवर, पीसी बंदच. सुरू करून तीच कमांड दिली. फॉल्स. त्या यायच्या आत तोही दुरुस्त केला.