चढले की चढलो?

माझी चढाईची एक वही आहे. मार्ग कोणता, पिच (दोराच्या लांबीएवढा एकेक टप्पा) किती, दोर बांधायचा अँकर कुठे लावला, हात कुठे सुटला, सगळं तारीखवार. पहिली ९ वर्षं तिच्यात ‘चढले, घसरले, घाबरले’ आहे. मग एका पानापासून ‘चढलो’. मधल्या काही पानांवर नुसतं ‘माथा गाठला. दोर गुंडाळला. हवा बरी.’ असलं काहीतरी. मराठीत स्वतःबद्दल धड एक वाक्य लिहायला गेलं की क्रियापद चुगली करतं, म्हणून ही लपाछपी. कर्मणी प्रयोगाचा हा उपयोग शाळेत कुणी शिकवला नव्हता!

परवा एका मोहिमेच्या अर्जात आधीच्या चढाया भरायच्या होत्या, प्रमाणपत्रांसकट. जुन्या प्रमाणपत्रांवर जुनं नाव. जोडली तर मी ट्रान्स पुरुष आहे हे अनोळखी माणसांना सांगणं आलं. नाही जोडली तर ९ वर्षांवर पाणी, मी नवखा.

एरिन पॅरिसी ही ट्रान्स स्त्री गिर्यारोहक लिंगबदलाआधी किलिमांजारो चढून आली होती. २०१८ मध्ये ती ते ५,८९५ मीटर पुन्हा चढली, या वेळी स्वतःच्या नावाने. मला हे फार आवडतं, पण माझ्या गुडघ्यांना परवडणारं नाही.

मला जवळच्या वाटतात त्या जॅन मॉरिस. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या एकमेव वार्ताहर, तेव्हा जेम्स मॉरिस. बातमी फुटू नये म्हणून त्यांनी सांकेतिक निरोप धाडला. वरवर वाचला तर बर्फाची स्थिती वाईट. खरा अर्थ, शिखर सर झालं. २ जूनला बातमी छापून आली. १९७२ मध्ये त्यांनी लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. माझी ‘हवा बरी’वाली पानं वाचताना तो निरोप आठवतो.

त्या पानांच्या काळात मी बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा, घालून चढायचो. छाती करकचून आवळलेली, त्यात उंचीवरची विरळ हवा. हा शुद्ध मूर्खपणा होता आणि तो मी दोन मोसम केला. एकदा मुक्कामाच्या रात्री जोडीदाराला सगळं सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी ओव्हरहँगखाली, म्हणजे बाहेर झुकलेल्या कड्याखाली, माझा दम संपला, पाय थरथरायला लागले. बिलेवरून, म्हणजे माझा दोर सांभाळत, तो ओरडला, “अगं... अरे, श्वास घे ना!” मी हसलो आणि सुटलो. दोराने झेललं. खाली उतरल्यावर बाइंडर सॅकच्या तळाशी गेला, चढताना पुन्हा घातला नाही.

आता काळज्या वेगळ्या. टेस्टोस्टेरॉनने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, उंचीवर राहूनही वाढतात, म्हणून मोहिमेआधी रक्त तपासून घेतो. तंबू कुणाबरोबर, या प्रश्नावर मात्र अजून दर वेळी पाच मिनिटं शांतता पसरते.

प्रमाणपत्रं शेवटी जोडली. वहीतलं काय करायचं ते कळेना, म्हणून जोडीदाराला फोन केला. तोही वही ठेवतो. म्हटलं, तुझ्यात त्या वर्षांचं काय लिहिलंयस? त्याने पानं उलटली, वाचून दाखवलं: “पहाटे निघालो. दुसऱ्या पिचला अडकलो. अकराला माथ्यावर पोचलो. आम्ही दोघंच.”