पुढील आदेशापर्यंत

पत्र तीन ओळींचं होतं. 'सुरक्षेच्या कारणास्तव पुढील आदेशापर्यंत आपणास वाहन चालविण्यास मनाई करण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का. एकोणीस वर्षं अवजड गाडीवर काढली आणि किल्ली टेबलावर ठेवून रिकाम्या हाताने बाहेर पडलो.

कारण केबिनमधला कॅमेरा. त्याची एक भिंग रस्त्याकडे, दुसरी आमच्या तोंडाकडे. तोंडाकडची पापण्यांवर नजर ठेवते. डोळे ठरावीक वेळेपेक्षा जास्त मिटलेले दिसले की भोंगा वाजतो आणि क्लिप ऑफिसला जाते. त्या पहाटे तो दोनदा वाजला. पहिला भोंगा मला आठवतो. दुसरा आठवत नाही. सेफ्टीच्या साहेबांनी क्लिप दाखवली तेव्हा पडद्यावरचा माणूस मीच होतो: हात स्टेअरिंगवर, तोंड किंचित उघडं, डोळे बंद. चार सेकंद. गाडी ८० च्या वेगात होती, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. भरलेली गाडी जवळजवळ ९० मीटर कुणी न चालवता गेली होती.

हे सगळं डोळ्यांनी बघूनही मी भांडलो. आज सांगायला लाज वाटते, पण 'कॅमेऱ्यात बिघाड आहे' असंही म्हणून झालं.

मग दोन आठवडे घरी बसलो, पुढील आदेशाची वाट बघत. भत्ता फेरीवर मिळतो, त्यामुळे हातात नुसता मूळ पगार. आदेश काही येईना. शेवटी संघटनेतले एक जुने काका म्हणाले, "अरे, आदेश आपण होऊन येत नसतो. हे प्रकरण शिस्तीचं आहे की मेडिकलचं, ते आधी लेखी विचार."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिस्तीचं असेल तर आरोपपत्र, चौकशी, माझं उत्तर, असा रस्ता. मेडिकलचं असेल तर डॉक्टर, तपासण्या, फिटनेसचा दाखला. माझ्या फाइलीत दोन्हींची खिचडी झाली होती. वर शेरा 'कामात हलगर्जीपणा', आणि त्याच कागदावर खाली 'वैद्यकीय तपासणीस पाठवावे'. आजार असेल तर हलगर्जीपणा कसला? आणि हलगर्जीपणा असेल तर डॉक्टर कशाला? मी अर्जात तीनच गोष्टी विचारल्या: कोणत्या नियमाखाली थांबवलंत, कोणत्या तपासण्या करायच्या, आणि काय दाखवलं म्हणजे गाडी परत मिळेल. पोच घेतली, शिक्क्यासह. नऊ दिवसांनी उत्तर आलं. त्यातल्या पहिल्या प्रश्नाला बगल होती, पण शेवटच्या ओळीत मला हवं ते होतं: 'निद्राविकार तज्ज्ञाचा दाखला व उपचार नियमित घेत असल्याचा पुरावा.' निदान कुठे पोचायचंय ते तरी कळलं.

तज्ज्ञांकडे पहिल्याच भेटीत हातात आला तो ओळखीचा कागद. आठ प्रश्नांचा. वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं पडल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर, कुणाशी बोलताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला ० ते ३. मेलबर्नच्या मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी १९९१ साली तो तयार केला. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलात की झोपेची गडबड आहे असं धरतात. कामावरच्या वार्षिक मेडिकलला हाच कागद आम्ही दर वर्षी भरायचो. माझी बेरीज दर वर्षी शून्य. माझी कशाला, सगळ्यांचीच शून्य. खरं लिहिलं तर गाडी जाते, हे ज्याला माहीत आहे तो खरं कशाला लिहील? नियम करणाऱ्यांनी एवढा तरी विचार करायला हवा होता.

या वेळी बायको शेजारी बसली होती. मी पहिल्या प्रश्नाला १ लिहायला गेलो तर ती म्हणाली, "पेपर हातात घेऊन घोरता तुम्ही." बेरीज १७ आली.

मग डॉक्टरांनी मानेचा घेर मोजला, रक्तदाब घेतला आणि बायकोला विचारलं, घोरता घोरता श्वास थांबतो का? ती म्हणाली, थांबतो, मग मी हलवते. इतक्या वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

झोपेची तपासणी रात्रभराची. डोक्याला चिकट लेप लावून वायरी, हनुवटीला, पायांना, छातीवर आणि पोटावर पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. एवढा साज चढवून म्हणतात, आता झोपा. मला वाटलं झोपच लागणार नाही. दहा मिनिटांत लागली, आणि तेच माझ्या विरुद्ध गेलं. अहवालात आकडा होता ४१: तासाला सरासरी ४१ वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धवट चालत होता, दर वेळी कमीत कमी १० सेकंद. ५ पर्यंत ठीक, ३० च्या वर तीव्र. रक्तातला ऑक्सिजन ७६ टक्क्यांपर्यंत उतरलेला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, मेंदू दचकून जागं करतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. म्हणजे मी आठ तास झोपून उठायचो तो रात्रभर कुणी हलवून हलवून उठवल्यासारखा. चहा मारून, खिडकी उघडून, गाणी लावून काय होणार होतं!

उपचार म्हणजे एक मशीन. नाकावर मास्क, त्यातून दाबाने हवा, घशाची वाट उघडी राहते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही युक्ती पहिल्यांदा जगापुढे मांडली. औषध नाही, कापाकापी नाही, नुसती हवा. ऐकायला सोपं. पहिल्या रात्री मी तो मास्क पाऊण तासात ओरबाडून काढला. दुसऱ्या रात्री तोंड कोरडं पडून जाग आली. चौथ्या रात्री कडेने हवा सुटून डोळ्यात जायला लागली. पट्टे आवळले तर नाकाच्या दांड्यावर वळ. आठवडाभराने मशीन परत करायला गेलो. तिथल्या मुलीने मास्कची मापं बदलून बघितली, हवेला ओलावा देणारं भांडं जोडून दिलं आणि सांगितलं, दिवसा जागेपणी अर्धा तास लावून बसा, सवय होईल. तसाच बसायचो, टीव्हीसमोर, सोंडेसकट. नातवंडं हसायची.

दहाव्या की अकराव्या सकाळी उठलो आणि डोकं दुखत नव्हतं. रोज सकाळी डोकं जड असतं हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की ते दुखणं आहे हेच विसरलो होतो.

पुरावा मशीनच देतं. आत कार्ड असतं. किती वाजता लावलं, किती तास, किती हवा सुटली, श्वास किती वेळा थांबला, सगळं लिहून ठेवतं. साधारण कसोटी अशी की १०० पैकी ७० रात्री तरी किमान ४ तास वापर हवा. आठ प्रश्नांच्या कागदावर खोटं लिहिता येतं, कार्डावर नाही. ३० दिवसांचा छापील अहवाल निघाला: ३० पैकी २६ रात्री पुरेसा वापर, श्वास थांबण्याचा आकडा ४१ वरून ३. तो, तज्ज्ञांचा दाखला आणि ते लेखी उत्तर, तिन्ही एकत्र लावून दिले. तरी कंपनीच्या डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितली, अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसून जागं राहण्याची. एका वेळी ४० मिनिटं, दिवसातून चार वेळा. जागा राहिलो. आधीचा मी पाच मिनिटांत गेलो असतो.

तेराव्या आठवड्यात किल्ली मिळाली. पहिला महिना फक्त दिवसाच्या फेऱ्या, दर तीन महिन्यांनी कार्ड दाखवायचं. केबिनच्या बॅटरीवर मशीन चालवायला वेगळा जोड लागतो, तो माझा मी बसवून घेतला.

मागच्या आठवड्यात यार्डात एका पोराने बाजूला घेतलं. त्याचाही भोंगा वाजलाय, क्लिप अजून ऑफिसला बघितली गेली नसावी. हळूच विचारत होता, त्या आठ प्रश्नांना काय लिहू? मी त्याला विचारलं, घरी कोण असतं रात्री? तर म्हणाला, एकटाच राहतो.

माझ्या फाइलीतला 'हलगर्जीपणा' अजून तसाच आहे. तो खोडावा म्हणून दोन अर्ज दिले, दोन्हींची पोच आहे, उत्तर नाही. तिसरा लिहायला घेतलाय.