बेरीज करताना नॅन का येत होतं – माझा अनुभव

जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली तेव्हा व्हेरिएबलचा (म्हणजे किंमत ठेवायच्या नाव दिलेल्या जागेचा) भाग मी भराभर उरकला, लेट हा शब्द लिहायचा, नाव द्यायचं की झालं. मग पहिलाच प्रोग्रॅम, पाच आकड्यांची बेरीज. वर लिहिलं 'लेट बेरीज', खाली लूप, म्हणजे त्याच ओळी परत परत चालवणारा भाग, लावला आणि एकेक आकडा त्यात मिळवत गेले तर उत्तर आलं नॅन, म्हणजे हा आकडाच नाही. लूप तपासला, कंस मोजले, आकडे बदलून पाहिले, दोन तास गेले आणि शेवटी कन्सोलवर, म्हणजे प्रोग्रॅमचे निकाल दिसतात त्या खिडकीत, बेरीज लूपच्या आधीच प्रिंट करून बघितली तेव्हा दिसलं अनडिफाइन्ड, म्हणजे किंमतच दिलेली नाही.

म्हणजे मी व्हेरिएबल डिक्लेअर केलं होतं (नाव दिलं होतं), इनिशियलाइज (सुरुवातीची किंमत देणं) केलंच नव्हतं! मी धरून चालले होते की सुरुवातीला शून्यच असणार. पण त्यात पुढे आकडा येणारे का कुणाचं नाव हे भाषेला कसं कळणार, म्हणून ती अनडिफाइन्ड ठेवते. अनडिफाइन्डमध्ये ५ मिळवले की नॅन, आणि एकदा नॅन झालं की पुढे कितीही आकडे मिळवा, नॅनच राहतं. 'लेट बेरीज = ०' केलं आणि लगेच उत्तर बरोबर. गुणाकार असेल तर १ पासून सुरू करायचं, अक्षरं जोडायची असतील तर रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) द्यायची, नाहीतर उत्तराच्या सुरुवातीला अनडिफाइन्ड हा शब्दच चिकटून येतो.

नंतर 'लेट बेरीज = ०' हीच ओळ मी लूपच्या आत टाकली होती, तेव्हा प्रत्येक फेरीत बेरीज परत शून्यापासून. ते मात्र पटकन सापडलं, कारण लूपच्या बाहेर प्रिंट करायला गेले तर सरळ एरर आली, हे नावच माहीत नाही म्हणून. अशी एरर आलेली मला खरंच आवडते, गुपचूप चुकीचं उत्तर येण्यापेक्षा कितीतरी बरी. जुन्या कोडमध्ये लेटच्या जागी व्हार दिसतं ना, ते १९९५ पासूनचं, त्यात डिक्लेअर करायच्या आधीच्या ओळीत व्हेरिएबल वापरलं तरी काही न बोलता अनडिफाइन्ड मिळतं. लेट आणि कॉन्स्ट (यात एकदा दिलेली किंमत परत बदलता येत नाही) २०१५ मध्ये आले, ते तिथेच एरर देऊन अडवतात.

आता मी आधी कॉन्स्टच लिहून बघते, कारण त्याला किंमत दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि पुढे बदलायची वेळ आली तरच लेट करते.