तुम्ही विचारलंत म्हणून : आपल्याच घराचा दर्शनी भाग बदलायला परवानगी कशाला?

हा प्रश्न मला लग्नकार्यात विचारला जातो, गणपतीच्या दर्शनाला कुणाकडे गेले की विचारला जातो, आणि दांडिया बाजार, रावपुरा किंवा वाडी भागात एखाद्या जुन्या घराची दुरुस्ती सुरू असली की शेजारची मंडळी मुद्दाम थांबून विचारतात. घर आमच्या पणजोबांनी बांधले, घरपट्टी आम्ही भरतो, पावसाळ्यात गळते ते आमच्याच डोक्यावर. मग खिडकी बदलायची, माडीचा सज्जा काढायचा की ओट्यावर शटर बसवायचे, हे दुसऱ्या कुणी का ठरवावे? मी वास्तुरचनाकार आहे आणि बडोद्याच्या जुन्या शहरातल्या घरांची डागडुजी हेच माझे मुख्य काम आहे, त्यामुळे या प्रश्नामागचा वैताग मला परका नाही. माझे उत्तर असे आहे की जुन्या वस्तीत दर्शनी भाग बदलण्यापूर्वी विचारावे लागले पाहिजे, पण ते मोजक्याच गोष्टींसाठी. आणि ज्याला विचारायचे त्याने वेळेत, लेखी कारणांसह उत्तर दिले पाहिजे व केवळ नकार देऊन हात झटकता कामा नयेत.

लोकांच्या मनात परवानगी म्हटले की जे चित्र उभे राहते ते वेगळ्याच कायद्याचे असते, म्हणून आधी ते बाजूला करते. रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा सर्वांना ठाऊक आहे. 1849 ते 1854 या काळात बडोदे संस्थानाचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा तो वाडा. त्याच्या भिंतींवरच्या चित्रांमुळे दूरदूरचे अभ्यासक येथे येतात, आणि तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरांत जे करायचे ते परवानगीनेच करावे लागते. 16 जून 1992 पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती 100 मीटरांच्या आतही करता येते, पण तीसुद्धा परवानगी घेऊनच.

हा कायदा स्मारकासाठी आहे आणि स्मारकासाठी तो हवाच. मात्र तो वाड्यापासूनचे अंतर मोजतो. शेजारच्या घरात राखण्यासारखे काय आहे, हे पाहणे त्याचे कामच नाही. त्यामुळे वाड्याच्या मागच्या गल्लीत, ज्या घरात जुने असे काहीच उरलेले नाही, त्या घराच्या मालकालाही गळके छप्पर नीट करण्यासाठी अर्ज करावा लागतो. आणि हद्दीबाहेरच्या एखाद्या पोळीत, म्हणजे एकमेकांना खेटून उभ्या घरांच्या जुन्या गल्लीत, कोरीव सागवानी खांब, सज्ज्याला टेकू देणारे लाकडी घोडे आणि झरोके असलेला अख्खा दर्शनी भाग एका आठवड्यात उतरवून टेम्पोत भरला जातो, तेव्हा प्रत्यक्षात त्याला कुणी हटकताना मी तरी पाहिलेले नाही. उतरवलेले ते लाकूड जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जाते आणि पुढे कुठल्या तरी हॉटेलाच्या स्वागतकक्षात उभे राहते. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या वाड्यांत राहणारी माणसे 100 मीटरांच्या नियमाने त्रासलेली आहेत, ती याच कारणाने. परवानगी या शब्दाची चीड आली आहे ती अशा अनुभवातून, आणि त्यात लोकांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

मी ज्या विचारण्याविषयी बोलते आहे त्याची रीत निराळी आहे. तिच्यात एकेकटे स्मारक न धरता सगळी वस्ती धरली जाते, आणि त्या वस्तीतल्या घरांच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या भागात मोठा बदल करायचा असेल तर स्थानिक समिती तो आधी पाहते. अमेरिकेत चार्ल्सटन शहराने 1931 मध्ये जुना भाग आखून असे मंडळ नेमले, ब्रिटनने 1967 च्या कायद्याने संरक्षित परिसर ठरवायला सुरुवात केली. आपल्याकडे मुंबईत 1995 मध्ये वारसा नियमावली आली आणि तिने एकेकट्या इमारतींबरोबर परिसरही विचारात घेतले. केंद्र सरकारच्या 2016 च्या नमुना बांधकाम नियमावलीत यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात इमारतींच्या तीन श्रेणी सांगितल्या आहेत आणि तिसऱ्या श्रेणीतल्या घरांना आत-बाहेर बदल करण्याची बरीच मोकळीक ठेवली आहे. ती नियमावली नमुन्याची असल्यामुळे राज्याने आणि शहराने स्वीकारल्याशिवाय तिला अर्थ नाही, ही गोष्ट वेगळी. 2017 मध्ये जागतिक वारसा शहर ठरलेले अहमदाबाद आपल्यापासून दोन तासांवर आहे. तेथे पोळींतल्या घरांची यादी झाली, श्रेणी ठरल्या आणि समितीही बसली.

आता मूळ मुद्दा : घर आमचे असताना दर्शनी भागाशी इतरांचा संबंध काय? शोभेचे कारण सगळे सांगतात, आणि ते खोटे नाही. मांडवीपासून चांपानेर दरवाजाकडे चालताना आजही एखाद्या वळणावर ओळीने सज्जे दिसतात आणि पाय थांबतात. पण माझ्या मते त्याहून भक्कम कारण बांधकामात आहे. पोळीतली घरे सुटी नसतात. दोन घरांमध्ये भिंत एकच असते आणि दोन्ही घरांच्या तुळयांची टोके तिच्यात दोन बाजूंनी रुतलेली असतात. ओटे एका रेषेत असतात, कारण गल्लीतले पाणी त्यांच्या कडेने वाहून जायचे असते. एकाने ओटा दोन फूट पुढे घेतला की पहिल्या जोरदार पावसात समोरच्याच्या उंबरठ्याशी पाणी येते. सज्जा आणि पुढे आलेली कौले यांनी पाऊस भिंतीपासून दूर पडतो, आणि ज्या घराने ती काढून सरळ सपाट भिंत उभी केली, त्या घराची सामाईक भिंत वरच्या बाजूने भिजू लागते. ओल मात्र शेजाऱ्याच्या देवघरात उतरते.

याहून घातक प्रकार डोळ्यांना छान दिसतो. आपल्या जुन्या भिंती मऊ विटांच्या आणि चुन्यातल्या आहेत; जमिनीतून त्यांच्यात ओल चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती उन्हाळ्यात बाहेरही जाते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला, किंवा ओट्यापासून माडीपर्यंत चकचकीत टाइल्स लावल्या, की ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती भिंतीतच वर सरकत सरकत तुळईच्या टोकापर्यंत पोहोचते. सागवान कोरडे राहिले तर चार-चार पिढ्यांना पुरते, पण भिंतीत दडलेले त्याचे टोक वर्षानुवर्षे ओले राहिले तर ते आतून भुगा होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला घर नुकतेच नवे केल्यासारखे दिसते. कडिया, म्हणजे गवंडी, हे काम उत्साहाने करतो, कारण त्याला सिमेंटचीच सवय आहे, आणि चुन्याचे काम येणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. काम सुरू होण्यापूर्वी जाणकार माणसाने एकदा पाहिले असते, तर यातली कितीतरी घरे वाचली असती असे मला मनापासून वाटते.

दांडिया बाजारातल्या एका घराचे उदाहरण सांगते. घरच्या काकूंना माडीवरची लाकडी खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायची होती. धूळ येते, डास येतात, झडपा लागत नाहीत आणि लाकूड सडले आहे, ही त्यांची तक्रार, आणि प्रत्येक गोष्ट खरी होती. सुताराने चौकटीला खालपासून वरपर्यंत पोगराने टोचून पाहिले. पोगर आत गेला तो फक्त उभ्या दांड्यांच्या तळाशी, वीतभर, जिथे पावसाचे पाणी साचत होते. वरचे सगळे लाकूड पोगराला दाद देत नव्हते. त्याने तेवढाच सडका भाग तिरपा कापला, नव्या सागवानाचा तुकडा त्याच मापाने खाचेत बसवला, लाकडी खुंट्या ठोकल्या, आणि खालच्या आडव्या लाकडाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार दिला, म्हणजे पाणी थांबणार नाही. झडपा न लागण्याचे कारण बिजागऱ्यांवर वर्षानुवर्षे चढलेले ऑइल पेंट हे होते. आतल्या बाजूने जाळीची स्वतंत्र चौकट बसवली, ती रस्त्यावरून दिसत नाही, आणि डास थांबले. अख्खी नवी खिडकी करायला जे लागले असते त्यापेक्षा खर्च कमी आला. चांगली समिती अर्जदाराला हेच विचारते : सडले आहे ते नेमके किती, आणि तेवढेच बदलता येईल का? जे मुळात होते तेच, त्याच वस्तूत आणि त्याच मापात दुरुस्त करायचे असेल, तर माझ्या मते अर्जही लागू नये. वॉर्ड ऑफिसला एक फोटो आणि दोन ओळी कळवल्या की पुरे व्हायला हवे.

समितीने कशात पडू नये, याबद्दलही मी तितकीच ठाम आहे. घराच्या आत तिने डोकावू नये. स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, म्हाताऱ्या माणसांसाठी लिफ्ट, हे ज्याचे त्याने पाहावे. रंग हा पुन्हा बदलता येतो, म्हणून त्यावर वाद घालू नये, आणि सगळ्या गल्लीला एकच गेरू किंवा पिवळा फासण्याची हौस तर कुणीच करू नये. रिकाम्या झालेल्या जागेवर नवे घर येत असेल तर त्याने ओट्याची रेषा, मजल्यांची उंची आणि सज्ज्याची सावली राखावी, परंतु त्याच्यावर साच्यातून काढलेले खोटे झरोके चिकटवण्याची सक्ती करू नये. असले नकली जुनेपण शेजारच्या खऱ्या कोरीव कामाची किंमत कमी करते.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. घर चार भावांच्या नावावर, त्यांतले दोघे परदेशात, खाली जुन्या भाड्यावरचा भाडेकरू, आणि सागवानाचा भाव ऐकवत नाही. अशा कुटुंबाला गावाच्या वारशाची जबाबदारी एकट्याने वाहायला सांगणे अन्यायाचे आहे. अहमदाबादेत यादीतल्या घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामहक्क, म्हणजे टीडीआर, विकता येतो आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च काही प्रमाणात निघू शकतो. बडोद्यात असे काही व्हायचे असेल तर बंधन आणि मदत यांचा नियम एकाच दिवशी निघाला पाहिजे, कारण आधी नुसते बंधन आले तर लोक रातोरात दर्शनी भाग उतरवून मोकळे होतील. जोडीला घरपट्टीत सवलत हवी, आणि चुना व लाकूडकाम जाणणाऱ्या कारागिरांची नावे वॉर्ड ऑफिसात लावलेली हवीत. अर्जाला ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरले जावे. ही तरतूद नसेल, तर मी स्वतः अशा समितीच्या बाजूने बोलणार नाही.

हे सगळे होईपर्यंत आपण काय करायचे, असे यानंतर हमखास विचारले जाते. तांबेकर वाड्याच्या किंवा दुसऱ्या संरक्षित स्मारकाच्या 300 मीटरांच्या आत तुमचे घर असेल तर आधी अर्ज करा, नाहीतर काम मध्येच बंद पडेल आणि उघडे छप्पर पावसात सापडेल. इतरांनी निदान एवढे करावे की काहीही उतरवण्यापूर्वी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि समोरच्या माडीवरून फोटो काढावेत, खिडक्या-दरवाजांची मापे लिहून ठेवावीत आणि सामाईक भिंतीच्या शेजाऱ्याला बोलावून काम काय आहे ते दाखवावे. सिमेंटला हो म्हणण्याआधी सुताराकडून तुळयांची टोके तपासून घ्यावीत. ही तपासणी पावसाळा संपल्यावर लगेच करावी, कारण ओल कुठवर चढली आहे ते त्या दिवसांत भिंतीवर स्पष्ट दिसते.