झिरोचं टोक

परवा दुपारी गॅरेज आवरत होते, म्हणजे आवरायचं सोडून जुने कागद चाळत बसले होते, तर एका फाइलमध्ये आमच्या कोर्सचं सर्टिफिकेट सापडलं. इथल्या काउंटी पार्कातली टेन-के, म्हणजे दहा किलोमीटरची पळण्याची, अगदी छोटीशी रेस, पण रस्ता रीतसर मोजून सर्टिफाय केलेला. मुदत १० वर्षांची, ती या डिसेंबरला संपतेय. आणि मोजणी कोणी केली त्या ओळीत एकच नाव. माझं.

मोजायला दोघं होतो. मी आणि काका. काका म्हणजे सख्खे नव्हेत, न्यू जर्सीत मंडळामुळे जसे काका मिळतात तसे, मूळचे मिरजेचे, रिटायर झाल्यावर पळायला लागलेले.

रस्ता सायकलने मोजतात हे ठीक, पण सायकलला आधी शिकवावं लागतं, म्हणजे माहीत असलेल्या अंतरात तिच्या चाकावरच्या यंत्राचे किती आकडे पडतात ते बघावं लागतं. त्यासाठी सरळ रस्त्यावर ३०० मीटरची पट्टी आखायची, ती मात्र स्टीलच्या टेपने, ३० मीटरची टेप दहा वेळा. एकाने टेपचं झिरोचं टोक धरायचं, दुसऱ्याने स्प्रिंगचा काटा लावून पाचेक किलोचा ताण द्यायचा आणि रस्त्यावर चिकटवलेल्या मास्किंग टेपवर बारीक रेघ मारायची. टेप २० डिग्रीला बरोबर असते, आणि त्या पहाटे होतं ८, म्हणजे ३०० मीटरला चार सेंटिमीटरचा फरक. एवढ्यासाठी काका थर्मामीटरपाशी, दूध उतू जाईल अशा नजरेने, उकिडवे बसले होते. मग पट्टीवर सायकल चार वेळा, मग कोर्स, मग परत पट्टीवर चार वेळा, कारण ऊन चढलं की टायर फुगतो आणि आकडे बदलतात.

झिरो काकांनी धरला होता. दहाही वेळा. रेघा मी मारल्या, वहीत मी लिहिलं.

झिरोचं टोक धरणं काय असतं हे मला कळायला हवं होतं खरं तर. लहानपणी गल्लीतल्या गणपतीचा मांडव बाबांकडे असायचा. टेपचं पहिलं टोक माझ्या हातात, विटेवर अंगठ्याने दाबून धरायचं, "हलू नको गं", आणि पलीकडच्या टोकाला बाबा आकडा वाचायच्या आधी कुणाशी तरी बोलायला लागायचे. वर्गणी किती जमली, बांबूवाला कधी येणार, सगळं व्हायचं. माझा अंगठा पांढरा. पुढे मंडळाच्या अहवालात "मांडव व्यवस्था" समोर बाबांचं नाव छापून यायचं, मी एका वर्षी रागाने मागच्या बांबूवर खडूने माझं नाव लिहिलं होतं, ते पहिल्याच पावसात गेलं. नावांच्या बाबतीत मी तेव्हापासूनच जरा हलकट आहे. लग्नपत्रिका आली की मुहूर्ताआधी किलबिलमध्ये कोणाचं पोर वर आणि कोणाचं खाली ते बघते.

या मोजणीच्या जगात नावं तशी नीटच लावतात. सायकलच्या पुढच्या चाकाला बसवायचं, चाक किती फिरलं ते मोजणारं यंत्र १९७१ मध्ये अ‍ॅलन जोन्सने काढलं आणि बनवून विकायचा त्यांचा मुलगा क्लेन. पुढे ओर्थ नावाचे गृहस्थ बनवायला लागले तर जोन्स-ओर्थ काउंटर झालं. एवढंसं ते टिकटिकणारं डबडं, किलोमीटरला ११ हजारांच्या आसपास आकडे, त्यातसुद्धा दोन नावं बसली.

कोर्स दोघांनी वेगवेगळा मोजला. पळणारा जवळात जवळ जिथून जाईल तिथूनच सायकल न्यायची, वळणाला कडेपासून ३० सेंटिमीटर, म्हणजे मध्येच समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडात. माझ्या वेळी काका मागून दिवा लावून येत होते, "अगं कडेला घे, कडेला!" मी घाबरून डुगडुगत होते आणि डुगडुगलं की रस्ता लांब भरतो. माझा आकडा त्यांच्यापेक्षा तीन मीटर जास्त आला. ८ मीटरपर्यंत फरक चालतो, पण धरायचा कमी आलेला, कारण रस्ता कमी पडता कामा नये, म्हणून तर वर हजारी एक मीटर जादा ठेवतात. म्हणजे धरला गेला तो काकांचा आकडा.

फॉर्म मी भरला. ओळीत जागा नव्हती असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. आज बघितलं, दोन नावं आरामात मावली असती, शिवाय आडनावासकट.

तेव्हा कॉपी दाखवली तर काका चष्मा वर करून म्हणाले, "बरं झालं, कमी पडला तर तुला धरतील." आणि अल्बर्टो सालाझार या अमेरिकन धावपटूचं सांगायला लागले. १९८१ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन, २:०८:१३, विश्वविक्रम, आणि नंतर पुन्हा मोजलं तर रस्ता दीडशे मीटरच्या आसपास कमी. विक्रम गेला. मोजणाऱ्याचं नाव लोक कधी विचारतात, तर असं झाल्यावर. मी हसले होते. ते टोमण्यात म्हणाले की खरंच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी पार्कात जाऊन आले. स्टार्टला आम्ही रस्त्यात वॉशर घालून खिळा ठोकला होता, हातोडी काकांचीच. नवीन डांबर पडलंय, खिळा खाली कुठेतरी असेल. विजेच्या खांबापासूनचं अंतर नकाशात आहे म्हणून बरं. पुढच्या वळणावर सर्कल बांधलंय, म्हणजे नुसती मुदत वाढवून भागणार नाही, सगळं पहिल्यापासून.

काकांना फोन केला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते सायकल चालवत नाहीत, पण मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "किती वाजता?"

"रविवारी पाचला."

"साडेचार कर. पाचला कुत्री फिरवणारे येतात." मग म्हणाले, "वाकायला जमणार नाही गं मला, झिरो तू धर. काटा मी ओढतो."

नावाचं बोलायचं राहूनच गेलं.