रेकॉर्ड लावण्याआधी मी बोलत का नाही

गोव्यात फोंड्याला माझ्या घरी महिन्यातून एका रविवारी जॅझ ऐकायला जमणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला हा प्रश्न विचारला आहे. बाकीचे आपला आवडता अल्बम आणतात, तो कोणाचा, कधीचा, त्यात काय ऐकायचे ते सांगतात आणि मग लावतात. मी मात्र वेष्टनसुद्धा न दाखवता सुई टेकवतो आणि बाजू संपेपर्यंत गप्प राहतो. हा अहंकार आहे, मी लोकांच्या कानांची परीक्षा घेतो, असेही बोलले जाते. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा नीट लिहितो.

पूर्वी मी फार बोलत असे. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमवर तर माझे वीस मिनिटांचे विवेचन तयारच होते. पहिल्या रचनेत सोळा बार (चार-चार मात्रांचे खंड) काफी थाटाचे स्वर, मग आठ बार तेच स्वर अर्ध्या स्वराने वर, पुन्हा आठ बार मूळ जागी, असे मी पेटीवर दाखवत असे, कारण नाट्यसंगीत आणि भजनांवर वाढलेल्या आमच्या मंडळींना ती वाट ओळखीची वाटे. ते सांगणे चुकीचे नव्हते आणि आजही मी ते मागे घेत नाही.

१९८९ च्या पावसाळ्यात दक्षिण गोव्यातल्या साष्टीहून एक वयस्क गृहस्थ येऊ लागले. चर्चच्या शाळेत लहानपणी व्हायोलिन आणि सोल्फेज (पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून गाणे) शिकलेले, मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवून गावी परतलेले आणि तिथल्या चर्चमध्ये गायनाची तयारी करून घेणारे. आम्ही त्यांना मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, म्हणत असू. एका रविवारी माझे विवेचन झाले, पहिली बाजू सुरू झाली आणि दोन-तीन मिनिटांत मेस्त अस्वस्थ झाले. त्यांनी खिशातून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, पुन्हा आपटला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “बाबा, हें मातशें वयर आसा.” म्हणजे, स्वर थोडे चढे आहेत.

मी रेकॉर्ड थांबवली. स्ट्रोबची चकती (वेग बरोबर असला की जिच्यावरच्या रेघा विजेच्या दिव्याखाली स्थिर दिसतात) ठेवून प्लेअरचा वेग मी त्याच सकाळी तपासला होता, तीच चकती पुन्हा ठेवून सर्वांना दाखवली; रेघा स्थिर होत्या. मेस्तांनी बाजू उलटायला सांगितली. दुसरी बाजू लावल्यावर नादकाटा कानाशी धरून ते म्हणाले की ही बरोबर आहे. त्याच प्लेअरवर, त्याच दुपारी, एक बाजू चढी आणि एक बरोबर, एवढे एका माणसाने कानाने ओळखून दाखवल्यावर मी निदान विचारात पडायला हवे होते. त्याऐवजी आठ-दहा माणसांसमोर मी म्हणालो की वयानुसार कान फसवतो, आणि जगभर ज्या रेकॉर्डची पारायणे होतात तिच्यात असा दोष तीस वर्षे लपून राहत नाही. कोणीतरी हसले. मेस्तांनी नादकाटा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि चहा होईपर्यंत बसून राहिले. त्यानंतर ते एकदाच आले. तेव्हा काहीच बोलले नाहीत.

१९९७ मध्ये त्या अल्बमची नवी आवृत्ती आली, तेव्हा मला खरे कळले. न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावर एका जुन्या चर्चमध्ये केलेल्या स्टुडिओत २ मार्च १९५९ रोजी पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना टेपवर घेतल्या गेल्या, तेव्हा मुख्य यंत्र किंचित हळू चालत होते. म्हणून ती टेप योग्य वेगाने वाजवली की सगळे स्वर साधारण श्रुतीभर चढे निघत. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिच्यात हा दोष नव्हता. नव्या आवृत्तीत राखीव म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या टेपवरून वेग दुरुस्त केला होता. मेस्त त्याआधी तीन वर्षे वारले होते.

तेव्हापासून मी आधी बोलत नाही. माझे बोलणे ऐकून बसलेल्या माणसाला माझेच ऐकू येते, असे मला वाटते. यावर तुमचा आक्षेप मला मान्य आहे: मेस्तांना माझे बोलणे आड आले नव्हते, त्यांनी ऐकले ते ऐकलेच; आड आले ते मला. मग दोष माझ्या कानाचा असताना गप्प बसून मी नवख्यांना का वंचित ठेवावे? मागच्या वर्षी एक मुलगी बासवर कोण आहे एवढेच विचारत होती, आणि मी बाजू संपेपर्यंत तिला पॉल चेंबर्सचे नाव सांगितले नाही. ती पुन्हा आली नाही. तेव्हाही मी बरोबर होतो असे म्हणायला जीभ रेटत नाही, पण सवय मोडलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी मी कोणाला सांगितलेली नाही. दुरुस्त केलेली आवृत्ती मला अजूनही स्वरात उतरलेली वाटते. इतकी वर्षे चढ्या स्वरात ऐकलेली ती पहिली बाजू माझ्या कानात तशीच बसली आहे, आणि बरोबर कोणती हे पक्के ठाऊक असूनही एकटा असताना मी जुनीच लावतो. येत्या रविवारी दोन्ही एकापाठोपाठ लावायच्या असे ठरवले आहे. आधी कोणती, ते अजून ठरत नाही.