महमूतपाशाचा उतार

इस्तंबूल, गुरुवार. रात्रीचे साडेअकरा.

आज अठरा हजार पावलं झाली, असं लेकीचा फोन सांगतो. पोटऱ्या भरून आल्यात. तरी लिहून मगच झोपणार, कारण दुपारी जे घडलं ते उद्यापर्यंत शिळं व्हायला नको.

सकाळी नऊलाच आया सोफियाच्या दारात पोचलो, पण रांग आमच्याही आधी पोचली होती. परदेशी पाहुण्यांना 25 युरोचं तिकीट आणि फक्त वरच्या सज्जात प्रवेश. खालचा भाग नमाजासाठी. 537 साली पूर्ण झालेलं हे चर्च, 1453 मध्ये शहर जिंकल्यावर मशीद झालं, गेल्या शतकात संग्रहालय, आणि 2020 पासून पुन्हा मशीद. घुमटाच्या पायाशी ओळीने चाळीस खिडक्या आहेत. त्यांतून ऊन आत आलं की वरचं ते अवाढव्य ओझं कशावरच टेकलेलं नाही असं वाटतं. मान दुखेपर्यंत बघत राहिले.

पण मी थांबले ती दुसऱ्याच जागी. वरच्या सज्जातल्या संगमरवरी कठड्यावर काही रेघोट्या आहेत. हजार-अकराशे वर्षांपूर्वी उत्तर युरोपातल्या कुणा माणसाने, बहुधा इथल्या बादशहाच्या पदरी असलेल्या शिपायाने, स्वतःच्या लिपीत त्या कोरल्या. झिजून झिजून आता त्यातलं एक नावच तेवढं लागतं: हाल्फदान. लेक म्हणाली, "आई, चल ना, मोझेक बघायचीत." मोझेकही पाहिली, रंगीत तुकड्यांची भिंतीवरची चित्रं, सुंदरच आहेत. पण कठड्यावरचं ते नाव डोक्यातून जाईना. प्रार्थना लांबली असेल, उभं राहून पाय दुखले असतील, आणि त्याने कमरेची सुरी काढली असेल.

निळी मशीद बाहेरूनच पाहिली, आतल्या गर्दीचं धाडस झालं नाही. जमिनीखालचं पाण्याचं टाकं मात्र चुकवलं नाही, 336 खांब आणि त्यातल्या दोघांच्या पायथ्याला ग्रीक पुराणातल्या मेदुसाची शिरं, एक उलटं, एक आडवं. तिथला गारवा अंगाला बरा वाटला.

मग कापाली चार्शी, म्हणजे छपराखालचा मोठा बाजार. साडेपाचशे वर्षांहून जुना, आत चार हजारांच्या आसपास दुकानं. लेकीला दिवे बघायचे होते, रंगीत काचांचे. मी पाट्या वाचत चालले होते. 1928 पासून तुर्की भाषा रोमन अक्षरांत लिहितात, त्यामुळे अर्थ कळला नाही तरी उच्चार कळतो. एका सोन्याच्या दुकानावर वाचलं, 'सर्राफ'. मी थबकलेच. सराफ! पुढे कुणी दुकानाला 'दुक्कान' म्हणतंय, जेवणानंतर बिल मागताना लोक 'हेसाप' म्हणतात, म्हणजे आपला हिशेब. हवेला हवाच, साबणाला साबुन, आठवड्याला हाफ्ता. आपल्याकडे हे शब्द बहुतेक फारसीच्या वाटेने आले, तुर्कांकडेही अरबी-फारसीतूनच गेले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पण सराफ सराफच राहिला आणि हिशेब हिशेबच. रोज हजार वेळा तोंडी येणारे शब्द असे सहजी हलत नाहीत.

बाजारातून खाली एमिन्योन्यूच्या धक्क्याकडे जाणारा रस्ता म्हणजे महमूतपाशाचा उतार. दोन्हीकडे लग्नाचे कपडे, पडदे, मुलांचे झगमगीत पोशाख, आणि मध्ये पुण्याच्या तुळशीबागेला लाजवेल अशी माणसांची दाटी. चपला घसरतील इतका उतार. तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्यांदा ओरडलं आणि माणसं आपोआप भिंतीला सरकली. मीही सरकले.

साठीच्या आसपासचा माणूस. कमरेत वाकलेला, पाठीवर खोगिरासारखं काहीतरी बांधलेलं आणि त्यावर दोरीने आवळलेले सहा खोके, त्याच्या डोक्याच्याही वर गेलेले. तो सरळ उतरत नव्हता. पाय किंचित फाकून, तिरपी-तिरपी, छोटी पावलं टाकत होता, प्रत्येक पाऊल आधी चाचपून. ती चाल मला माहीत आहे. ओल्या फरशीवर भरलं पोतं घेऊन माणूस असाच चालतो.

माझे आप्पा हमाल होते. आधी भवानी पेठेत, मग भुसार बाजार गुलटेकडीला हलला तेव्हा मार्केट यार्डात. माझ्या लहानपणी पोतं क्विंटलचं असायचं. पन्नास किलोची मर्यादा फार पुढे आली, तीही हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, आणि तिचे नेते बाबा आढाव यांनी वर्षानुवर्षं भांडून. आप्पांच्या मानेखाली, उजव्या बाजूला, तळव्याएवढा घट्टा होता. लहानपणी मी त्यावर बोट दाबून बघायची. त्यांना तिथं कळायचं नाही. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यात मी दहावीपर्यंत 'नोकरी' असं लिहिलं. हे मी आज संध्याकाळपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं, लेकीलाही नाही.

तो माणूस एका पायरीपाशी थांबला. पाठीचं ओझं भिंतीतल्या कठड्यावर अलगद टेकवलं आणि पट्ट्यांतून खांदे मोकळे केले. तेव्हा ते खोगीर जवळून दिसलं. चामड्याचं, आत काहीतरी ठासून भरलेलं, खालच्या बाजूला जाड पुढे आलेलं, म्हणजे वजन कमरेवर बसावं. एक कड फाटली होती, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाभणाने शिवला होता. आप्पांकडे असलं काही नव्हतं. बारदानाची घडी खांद्यावर टाकायचे, बस्स.

मी लेकीला विचारलं, ह्यांना इथं काय म्हणतात बघ. तिने फोनमध्ये पाहिलं आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. "आई, हमाल. हमालच म्हणतात."

मला राहवलं नाही. पुढे गेले. त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हमाल?" त्याने पाण्याची बाटली खाली घेतली आणि मान हलवली. मग मी छातीवर हात ठेवला. आप्पांना मी आयुष्यात कधी बाबा म्हटलं नाही, पण तुर्कीत वडिलांना बाबाच म्हणतात हे विमानातल्या पुस्तिकेत वाचलं होतं. म्हटलं, "बाबा. हमाल." आणि माझ्या खांद्यावर, मानेखाली, घट्ट्याच्या जागी थाप मारून दाखवली.

तो काही क्षण बघत राहिला. विचारलं, "हिंदिस्तान?" मी हो म्हटलं. मग त्याने उजवा तळवा आपल्या छातीवर ठेवला आणि मान लववली. पुढे बरंच बोलला. त्यातले मला 'बाबा' आणि 'हमाल' एवढेच कळले, पण दोन्ही बोलताना त्याने मागे, उताराच्या वरच्या टोकाकडे हात केला होता. लेक फोन काढून भाषांतर करायला लागली, तर मीच नको म्हटलं.

मग त्याने पट्टे चढवले, गुडघ्यांवर जोर देऊन उठला. सवयीने माझा हात खोक्याखाली गेला. आप्पा उठताना आम्ही भावंडं असाच हात लावायचो, त्यांना गरज नसायची तरी.

संध्याकाळी एमिन्योन्यूहून बोटीने काडिक्यॉयला गेलो. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. बोटीत चढण्याआधी मसाल्याच्या बाजारात थोडा सुमाक नावाचा आंबट मसाला घेतला, आणि नारळाला इथं 'हिंदिस्तान जेविझी', म्हणजे हिंदुस्थानातला अक्रोड म्हणतात, हेही कळलं. बोटीवर कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून बिनदुधाचा चहा आला, बशीत साखरेचे दोन चौकोन. समुद्रपक्षी कठड्याच्या उंचीने उडत होते, लोक त्यांना पावाचे तुकडे टाकत होते. पलीकडे घुमट आणि मिनार काळे होत गेले.

तिथं लेकीला शाळेच्या फॉर्मचं सांगितलं. ती काही बोलली नाही. चहा संपेपर्यंत माझा हात धरून बसली, आणि मग म्हणाली, "आजोबांचा फोटो आहे का गं तुझ्याकडे, कामावरचा?"

नाही. एकही नाही. सगळे लग्नाकार्यातले, टोपी घालून ताठ बसलेले. उद्या पुण्याला भावाला फोन करून विचारते. पंचायतीचं जुनं ओळखपत्र त्याच्याकडे असायला हवं, त्यावर आप्पांचा अंगठा आहे.